उन्हाळ्यातले हिब्रू

१

१८८१ हे वर्ष बायबलच्या चिकित्सक अभ्यासाच्या इतिहासात एका बडतर्फीसाठी ओळखले जाते. स्कॉटलंडमधील फ्री चर्चच्या अ‍ॅबर्डीन येथील कॉलेजात हिब्रू शिकवणारे विल्यम रॉबर्टसन स्मिथ यांना त्या वर्षी अध्यापकपदावरून दूर करण्यात आले. 'एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका'च्या नवव्या आवृत्तीतील 'बायबल' ही नोंद त्यांनी लिहिली होती. जुन्या करारातील नियमशास्त्राची पुस्तके सर्वस्वी मोशेच्या हातची नसून वेगवेगळ्या काळांतील लेखनाचे थर त्यांत आहेत, हे युरोपातील पंडितांचे मत त्यांनी त्या नोंदीत आपलेसे केले होते. अमेरिकेतील वातावरणही फारसे निराळे नव्हते. १८७९ मध्ये क्रॉफर्ड टॉय यांना अशाच मतांपायी लुइव्हिलच्या बॅप्टिस्ट सेमिनरीतील जागा सोडावी लागली होती, आणि १८९३ मध्ये न्यूयॉर्कच्या चार्ल्स ऑगस्टस ब्रिग्ज यांना प्रेस्बिटेरियन चर्चने धर्मसेवेतून निलंबित केले.

या १८८१ च्याच उन्हाळ्यात शिकागोजवळच्या मॉर्गन पार्क येथे आणखी एक गोष्ट घडली. तिची दखल त्या वेळी फारशी कोणी घेतली नाही. तेथील बॅप्टिस्ट युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत विल्यम रेनी हार्पर नावाचे जेमतेम पंचविशीतले प्राध्यापक हिब्रू शिकवीत. सुट्टीत रिकाम्या पडलेल्या इमारतीत त्यांनी काही आठवड्यांचा हिब्रूचा वर्ग भरवला. वर्गाला आलेले विद्यार्थी मूठभर होते. आपापल्या गावी मंडळी सांभाळणारे, रविवारी प्रवचन करणारे, हिब्रू कधी शिकलेच नव्हते किंवा शिकून विसरले होते असे पाळक हेच अशा वर्गाचे खरे गिऱ्हाईक. कोणावर खटला झाला नाही, कोणाची नोकरी गेली नाही. पुढील चाळीस-पन्नास वर्षांत मात्र अमेरिकेतील सामान्य पाळकाच्या बायबलवाचनात जो पालट झाला, त्यात गाजलेल्या खटल्यांचा वाटा अधिक की या उन्हाळी वर्गांचा, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्याला आणि अध्यापकाला या प्रश्नात स्वारस्य असण्याचे कारण उघड आहे. एखादी संहिता पवित्र मानणारा समाज ती 'संहिता' म्हणून वाचू लागतो, तो कसा? आणि असे वाचन तीन-चार आठवड्यांत शिकवता येते काय?

२

हार्पर यांच्या वर्गाला एक पूर्वपीठिका आहे. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन प्रॉटेस्टंट धर्मजीवनात उन्हाळा हा 'कॅम्प मीटिंग'चा काळ असे. गावाबाहेरच्या राईत तंबू पडत, आठवडाभर प्रवचने चालत. पापाची जाणीव, अश्रू, पश्चात्ताप आणि शेवटी जाहीर परिवर्तन असा त्या मेळाव्यांचा क्रम ठरलेला असे. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला शटॉक्वा नावाचे सरोवर आहे. त्याच्या काठी फेअर पॉइंट येथे मेथॉडिस्ट पंथाचे असेच एक मैदान होते. १८७४ च्या ऑगस्टमध्ये त्या मैदानावर दोन आठवड्यांचे एक शिबिर भरले, रविवारच्या शाळांतील शिक्षकांसाठी. ते भरवणारे दोघे : जॉन हेल व्हिन्सेंट हे मेथॉडिस्ट धर्मोपदेशक आणि लुइस मिलर हे ओहायोतील अ‍ॅक्रन शहरचे, शेतीची कापणीयंत्रे बनवणारे कारखानदार.

व्हिन्सेंट यांना कॅम्प मीटिंगमधील भावनावेगाविषयी मनापासून शंका होती. तंबूंच्या त्याच मैदानावर, त्याच ऋतूत, तेच श्रोते जमवून त्यांनी कार्यक्रम मात्र पालटला. परिवर्तनाच्या जागी त्यांनी पाठ आणले आणि साक्ष देण्याच्या जागी लेखी परीक्षा ठेवली. व्हिन्सेंट स्वतः कधी महाविद्यालयात गेले नव्हते आणि ती उणीव त्यांना जन्मभर सलत राहिली. ज्याला शिक्षणाची वेळ टळून गेली आहे अशा प्रौढ माणसाविषयीचा त्यांचा कळवळा या अनुभवातून आला होता. १८७८ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या चार वर्षांच्या घरबसल्या वाचनक्रमाला पहिल्याच वर्षी आठ हजारांहून अधिक वाचक मिळाले. त्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. बहुतेक सेमिनऱ्यांचे दरवाजे त्या काळी स्त्रियांना बंद होते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ अधिक स्पष्ट होतो.

शटॉक्वाच्या त्या पहिल्या शिबिरातील एक शैक्षणिक साधन मोठे बोलके आहे. सरोवराच्या काठावर मातीचे उंचवटे आणि पाण्याचे ओहोळ करून पॅलेस्टाइनचा एक भूमिनकाशा उभारण्यात आला होता. शिक्षक त्यातून चालत जात, यार्देन ओलांडत, यरुशलेमच्या जागी थांबून त्या स्थळाचा प्रसंग समजावून घेत. भूमध्य समुद्राचे काम शटॉक्वा सरोवराने करावे अशी योजना होती. अडचण इतकीच, की पॅलेस्टाइनच्या पश्चिमेला समुद्र आहे आणि या मैदानाच्या पूर्वेला सरोवर. परिणामी नकाशातील उत्तर प्रत्यक्षातील दक्षिणेकडे आली. पवित्र भूमी अमेरिकेत आणायची तर दिशा फिरवाव्या लागतात, असा विनोद कोणी करू शकेल. परंतु त्या मागची भूमिका गंभीर होती. बायबलमधील घटना एका विशिष्ट भूगोलात आणि इतिहासात घडल्या, त्या समजण्यासाठी अंतरे, उंची, नद्या ठाऊक असाव्या लागतात, ही ती भूमिका. ऐतिहासिक दृष्टीचा हा पहिला धडा चिकित्सेचे नावही न घेता मातीच्या ढिगांवरून देण्यात आला.

३

१८८३ मध्ये हार्पर शटॉक्वाला हिब्रू शिकवू लागले आणि पुढे तेथील महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. या माणसाची बौद्धिक घडण आपल्या वाचकांना काहीशी जवळची वाटेल. ओहायोतील न्यू कॉन्कर्ड या खेड्यात १८५६ साली जन्मलेल्या हार्पर यांनी चौदाव्या वर्षी पदवी घेतली आणि अठराव्या वर्षी येल विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. तेथे त्यांचे गुरू होते विल्यम ड्वाइट व्हिटनी, ज्यांचे संस्कृत व्याकरण (१८७९) भारतातील संस्कृतच्या अभ्यासकांनाही परिचित आहे. हार्पर यांच्या प्रबंधाचा विषय लॅटिन, ग्रीक, संस्कृत आणि गॉथिक भाषांतील शब्दयोगी अव्ययांची तुलना हा होता. म्हणजे बायबलकडे ते आले ते तौलनिक व्याकरणाच्या वाटेने. ईश्वरविद्येचे औपचारिक शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. सिद्धान्तापेक्षा शब्दाचे रूप आधी पाहण्याची सवय त्यांना येथून लागली असावी.

त्यांच्या उन्हाळी वर्गाची पद्धत या सवयीतूनच निघाली. तोपर्यंत हिब्रू शिकवण्याची रीत अशी, की आधी वर्णमाला, मग नामांची आणि क्रियापदांची कोष्टके आणि ती पाठ झाल्यावर, दम उरलाच तर, मूळ ग्रंथ. बहुतेकांचा दम कोष्टकांतच सरत असे. हार्पर यांनी हा क्रम उलटा केला. त्यांची पाठ्यपुस्तके 'उत्पत्ती'च्या आरंभीच्या अध्यायांवर रचलेली आहेत. पहिल्या तासाला पहिले वाक्य, त्यातला एकेक शब्द, त्याचा उच्चार, त्याचे रूप. मग त्या रूपावरून निघणारा नियम, आणि तो नियम पुढच्या ओळीत पुन्हा कोठे भेटतो याचा शोध. व्याकरण हे आधी पाठ करून मग लावायचे शास्त्र राहिले नाही. समोरच्या मजकुराकडे पाहून विद्यार्थ्याने ते स्वतः शोधायचे होते. या पद्धतीला ते विगमन पद्धती म्हणत.

या पद्धतीचे परिणाम केवळ भाषाशिक्षणापुरते राहत नाहीत. पहिल्याच वाक्यात देवासाठी येणारा 'एलोहिम' हा शब्द रूपाने अनेकवचनी आहे आणि त्याचे क्रियापद मात्र एकवचनी. विद्यार्थी थांबतो. दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या वचनापाशी पोहोचल्यावर त्याला दिसते, की देवाचे नाव बदलले आहे. 'एलोहिम'ला आता चार अक्षरांचे दुसरे नाव जोडले गेले आहे. शैली बदलली आहे आणि निर्मितीचा क्रमही तोच राहिलेला नाही. पहिल्या अध्यायात प्राण्यांनंतर माणूस येतो, दुसऱ्यात माणसानंतर प्राणी. भाषांतरात हे फरक वाचकाच्या नजरेतून सहज निसटतात. मूळ शब्दावर बोट ठेवून वाचणाऱ्याच्या नजरेतून ते निसटत नाहीत. एकाहून अधिक लेखनस्रोतांचा सिद्धान्त नेमका याच ठिकाणाहून निघतो. रॉबर्टसन स्मिथ यांनी ज्ञानकोशात निष्कर्ष लिहिला आणि त्यांना जावे लागले. हार्पर यांच्या वर्गात निष्कर्ष लिहिलेला नसे. तो जेथून निघतो ती ओळ तेवढी फळ्यावर असे.

याला धोरण म्हणावे की भीती? दोन्ही म्हणता येईल. १८८८ पासून त्यांच्या 'हिब्राइका' या नियतकालिकात प्रिन्स्टनचे विल्यम हेन्री ग्रीन आणि हार्पर यांच्यात पंचग्रंथाच्या कर्तृत्वाविषयी प्रदीर्घ वाद झाला. ग्रीन परंपरेच्या बाजूने लिहीत होते. हार्पर यांनी चिकित्सकांची बाजू सविस्तर मांडली, परंतु ती आपली स्वतःची मते म्हणून मांडली नाही. आजच्या वाचकाला हा सावधपणा रुचणार नाही. परंतु वर्गापुरते पाहिले तर या सावधपणाचा एक लाभ झाला, तो असा की विद्यार्थ्यावर शिक्षकाच्या मताचे ओझे पडले नाही. त्याला जे दिसले ते त्याचे स्वतःचे होते, आणि म्हणूनच ते सहजी पुसता येण्याजोगे नव्हते.

४

उन्हाळा संपला की वर्ग संपे, आणि शिकलेले विसरायला वेळ लागत नसे. या अडचणीवर हार्पर यांनी टपालाचा उपाय योजला. घरी परतलेल्या पाळकाकडे धडा आणि प्रश्नपत्रिका जाई, उत्तरे तपासून परत येत, आणि पुढच्या उन्हाळ्यात तो पुन्हा वर्गात बसे. उन्हाळी वर्ग आणि टपालशिक्षण ही एकाच योजनेची दोन अंगे होती. मॉर्गन पार्कपासून सुरू झालेले वर्ग काही वर्षांतच अन्य शहरांत भरू लागले. १८८९ मध्ये या सगळ्या खटाटोपाला 'अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ सेक्रेड लिटरेचर' असे नाव मिळाले. नावातला 'लिटरेचर' हा शब्द साहित्याच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये. पवित्र ग्रंथ हे वाङ्मय आहे, एवढी गोष्ट त्या नावाने कोणताही वाद न घालता सांगून टाकली होती.

यानंतरची पायरी विद्यापीठाची. जॉन डी. रॉकफेलर यांनी १८९० मध्ये शिकागो विद्यापीठासाठी दिलेल्या दहा लक्ष डॉलरच्या देणगीची एक अट अशी होती, की मॉर्गन पार्कची सेमिनरी नव्या विद्यापीठात विलीन होऊन त्याचे डिव्हिनिटी स्कूल व्हावे. हार्पर विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष झाले. १ ऑक्टोबर १८९२ रोजी अध्यापन सुरू झाले, आणि त्यांनी आखलेल्या वेळापत्रकात वर्षाचे चार समान भाग होते. त्यांपैकी चौथा भाग उन्हाळ्याचा. १८९४ मध्ये पहिले उन्हाळी सत्र भरले. प्रत्येक सत्र सहा-सहा आठवड्यांच्या दोन भागांत विभागलेले असल्यामुळे ज्याला सहाच आठवडे रजा मिळू शकते असा पाळक किंवा शाळामास्तर नियमित विद्यार्थ्यांच्या शेजारी बसून तोच विषय, त्याच प्राध्यापकाकडून शिकू शकत असे. उन्हाळ्यात केलेला अभ्यास पदवीच्या हिशेबात धरला जाई.

या योजनेचे महत्त्व शैक्षणिक आहे तसेच सामाजिकही आहे. उन्हाळी वर्ग म्हणजे मुख्य शिक्षणाच्या ताटातले उरलेसुरले, ही समजूत तिने नाकारली. अन्यत्रही अशा प्रयोगांना आरंभ झाला. ऑक्सफर्डच्या मॅन्सफील्ड कॉलेजात प्राचार्य अँड्र्यू मार्टिन फेअरबेर्न यांनी १८९२ मध्ये ईश्वरविद्येचे उन्हाळी विद्यालय भरवले आणि हार्वर्डच्या डिव्हिनिटी स्कूलने १८९९ पासून. ज्या वर्गांचा आरंभ एका रिकाम्या इमारतीत मूठभर विद्यार्थ्यांनिशी झाला, त्यांना वीस वर्षांच्या आत प्रतिष्ठित विद्यापीठांत स्थान मिळाले.

५

येथपर्यंतचा इतिहास यशाचा वाटेल, म्हणून त्याची दुसरी बाजू पाहणे आवश्यक आहे. ती पाहिली म्हणजे अल्पमुदतीच्या वर्गाचा स्वभाव अधिक नीट कळतो.

पहिली गोष्ट अशी, की उन्हाळी वर्ग हा चिकित्सेच्याच पक्षाचा होता असे नाही. ड्वाइट एल. मूडी या विख्यात प्रचारकाने १८८० पासून मॅसॅच्युसेट्समधील नॉर्थफील्ड येथे उन्हाळी संमेलने भरवली. १८८६ च्या जुलैत जवळच्याच माउंट हर्मन येथे महाविद्यालयीन तरुणांसाठी सुमारे महिनाभराचे बायबल शिबिर झाले. अडीचशेच्या आसपास विद्यार्थी आले होते. शिबिर संपताना त्यांपैकी शंभर जणांनी परदेशी मिशनकार्यासाठी आयुष्य देण्याचा निर्धार केला. 'स्टुडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंट' या चळवळीचा उगम तेथला, आणि तिने पुढे हजारो मिशनरी आशिया-आफ्रिकेत पाठवले. या निर्धारामागचा प्रमुख तरुण होता रॉबर्ट वाइल्डर. तो कोल्हापूरचा. त्याचे वडील रॉयल वाइल्डर यांनी १८५२ मध्ये कोल्हापुरात मिशन स्थापले होते आणि रॉबर्टचा जन्म १८६३ मध्ये तेथेच झाला.

मॉर्गन पार्क आणि माउंट हर्मन या दोन्ही ठिकाणी ऋतू एकच, अवधी जवळजवळ एकच आणि हातातले पुस्तकही एकच. फरक आहे तो वेळेच्या वापराचा. माउंट हर्मनने थोडा वेळ निर्धारासाठी वापरला. निर्धाराला थोडा वेळ पुरतो, किंबहुना थोडाच वेळ लागतो, कारण तो एका क्षणी होतो. व्हिन्सेंट ज्या कॅम्प मीटिंगपासून दूर जाऊ पाहत होते तिचेही बळ हेच होते. हार्पर यांनी मात्र तोच थोडा वेळ अशा कामाला लावला, जे मुळात सावकाशीचे आहे. सहा आठवड्यांत संपूर्ण जुना करार 'करून टाकण्याचा' मोह त्यांनी टाळला आणि चार-दोन अध्याय शब्दशः वाचले. अल्पमुदतीचा वर्ग हा संक्षिप्त वर्ग असलाच पाहिजे असे नाही, हे त्यांनी दाखवून दिले. वेळ थोडा असेल तर विषय आवळायचा की वाचन सावकाश करायचे, या निवडीवर अशा वर्गाचा दर्जा ठरतो. उन्हाळ्याच्या सुट्टीतील उजळणी वर्गांना हजेरी लावलेल्या आपल्या अध्यापकांना यावर अधिक सांगण्याची गरज नाही.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. शिकलेला पाळक शेवटी आपल्या मंडळीकडे परत जातो. बॅप्टिस्ट परंपरेत प्रत्येक मंडळी स्वायत्त असते. पाळकाची नेमणूक ती करते, पगार ती देते आणि त्याला निरोपही तीच देऊ शकते. उन्हाळ्यात ज्याने 'उत्पत्ती'च्या दुसऱ्या अध्यायापाशी थांबून विचार केला, त्याने सप्टेंबरातल्या रविवारी व्यासपीठावरून काय बोलावे? खरे बोलावे तर घर धोक्यात, न बोलावे तर मन धोक्यात. अभ्यासिकेतली एक भाषा आणि व्यासपीठावरची दुसरी, असा दुभंग या शिक्षणाने निर्माण केला, हे मान्य केले पाहिजे. त्याचा दोष शिकवणाऱ्यांकडेही जातो. निष्कर्ष उच्चारण्याची जोखीम प्राध्यापकाने टाळली, तेव्हा ती नाहीशी झाली नाही. ती विद्यार्थ्याच्या खांद्यावर गेली, आणि तो खांदा अधिक दुबळा होता.

या अडचणीची जाणीव शिकागोच्या मंडळींना होती असे त्यांच्या पुढील कार्यावरून दिसते. 'इन्स्टिट्यूट ऑफ सेक्रेड लिटरेचर' १९०५ मध्ये विद्यापीठाचा भाग झाली आणि तिचा रोख हळूहळू पाळकांइतकाच मंडळीतील सामान्य माणसांकडे वळला. जॉर्जिया चेंबरलिन या विदुषीने दीर्घकाळ तिचा कारभार सांभाळला. इंग्रजी बायबलच्या अभ्यासाच्या सोप्या रूपरेषा गावोगावी टपालाने जात. पाळकाला एकटे पाडायचे नसेल तर त्याच्यासमोर बसणाऱ्यांनाही वाचायला शिकवले पाहिजे, हा त्यामागचा विचार होता. डिव्हिनिटी स्कूलचे १९०८ ते १९३३ या काळातील डीन शेलर मॅथ्यूज हे शटॉक्वाच्या धर्मविभागाचेही संचालक होते. एकाच माणसाने विद्यापीठात आणि सरोवराकाठी शिकवावे, यात ती साखळी जुळवण्याचाच प्रयत्न होता. संस्था १९४८ मध्ये बंद झाली. हार्पर मात्र यातले बरेचसे पाहायला उरले नव्हते. कर्करोगाशी झगडत असतानाच त्यांचे आमोस आणि होशेय या संदेष्ट्यांवरील भाष्य १९०५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९०६ च्या जानेवारीत, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी ते वारले.

६

या शिक्षणपद्धतीचा भारताशी आलेला संबंध तिची एक मर्यादा दाखवतो. १८९३ च्या शिकागो येथील सर्वधर्मपरिषदेनंतर कॅरोलिन हॅस्केल या बाईंनी शिकागो विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून भारतात द्यावयाची एक व्याख्यानमाला सुरू झाली. परिषदेचे सूत्रधार जॉन हेन्री बॅरोज हे १८९६-९७ मध्ये पहिले व्याख्याते म्हणून आले. ऑक्सफर्डच्या उन्हाळी विद्यालयाचे प्रवर्तक फेअरबेर्न १८९८-९९ मध्ये त्याच मालेचे व्याख्याते होते. बॅरोज यांची व्याख्याने ग्रंथरूपाने आली तेव्हा ख्रिस्ती धर्म हाच विश्वधर्म असल्याचा दावा त्यांनी शीर्षकातच केला होता. आपल्या पाळकांसाठी या संस्था वर्ग भरवीत होत्या आणि भारतीय सुशिक्षितांसाठी मात्र त्यांनी व्याख्याने पाठवली. वर्गात विद्यार्थ्याला मजकूर हाती मिळतो आणि तो शिक्षकाला अडवू शकतो. व्याख्यानात त्याला निष्कर्ष मिळतो आणि तो मान्य करणे किंवा न करणे एवढेच त्याच्या हाती उरते. व्हिटनींच्या शिष्याने उभारलेल्या विद्यापीठाने संस्कृत जाणणाऱ्यांच्या देशात हिब्रूचा वर्ग भरवला असता तर काय झाले असते, अशी कल्पना करण्याचा मोह होतो.

उन्हाळी शिक्षणावरचा सर्वांत प्रसिद्ध आक्षेप विल्यम जेम्स यांचा आहे. १८९६ मध्ये ते कुतूहलापोटी एका दिवसासाठी शटॉक्वाला गेले आणि आठवडाभर राहिले. नंतर लिहिलेल्या निबंधात त्यांनी तेथील संगीत, शाळा, स्वच्छता, सुव्यवस्था या सगळ्यांची तारीफ केली आणि मग कबुली दिली, की तेथून बाहेर पडताच आपल्याला हायसे वाटले. तेथे सगळे चांगले होते, परंतु कशाशीही झुंज नव्हती. पराभवाची शक्यताच नसलेल्या जागी माणसाच्या जीवनाला अर्थ कोठून येणार, असा त्यांचा प्रश्न होता. आक्षेप मार्मिक आहे. परंतु जेम्स यांनी हिरवळीवर बसलेला विद्यार्थी पाहिला, त्याचा परतीचा प्रवास पाहिला नाही. सुट्टी संपवून गाडीत बसलेल्या, पिशवीत 'उत्पत्ती'चे हिब्रू पान असलेल्या आणि येत्या रविवारी काय बोलावे हे ठरवता न आलेल्या पाळकापुढे झुंज होतीच. ती सरोवराकाठी नव्हती, घरी होती.

आणि कधी कधी ती सरोवराकाठीही येते. शटॉक्वात आजही दर उन्हाळ्यात नऊ आठवडे व्याख्याने, वर्ग आणि प्रार्थना चालतात. १२ ऑगस्ट २०२२ रोजी तेथल्या रंगमंचावर मुंबईत जन्मलेले कादंबरीकार सलमान रश्दी बोलण्यासाठी बसले होते. निर्वासित लेखकांना अमेरिकेत मिळणाऱ्या आश्रयाविषयी ते बोलणार होते. एका तरुणाने त्यांच्यावर सुऱ्याने वार केले. रश्दी वाचले, परंतु त्यांचा एक डोळा गेला. कारण होते १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेली 'द सटॅनिक व्हर्सेस' ही कादंबरी. हल्लेखोराने नंतर तुरुंगातून एका वृत्तपत्राला सांगितले, की त्या कादंबरीची आपण दोनेक पाने वाचली होती.

दोन पाने. हार्पर यांच्या वर्गातही पहिल्या काही दिवसांत याहून फार अधिक वाचून होत नसे. किती वाचले यावर वाचन अवलंबून नसते, हे दोन्हीकडे दिसते. एकीकडे दोन पाने निर्धाराला पुरली. दुसरीकडे तेवढ्याच पानांनी एका पाळकाला थांबवले, मागे जायला लावले, आपल्याला ठाऊक असलेले वाक्य आपण कधी वाचलेच नव्हते असे कबूल करायला लावले. ज्या मैदानावर व्हिन्सेंट यांनी दीडशे वर्षांपूर्वी आवेगाच्या जागी अभ्यास आणला, तेथेच हा हल्ला व्हावा, यातून त्यांच्या प्रयोगाचा पराभव सिद्ध होत नाही. तो प्रयोग कशाच्या विरोधात होता, एवढे मात्र त्यातून पुन्हा एकदा स्पष्ट होते.